चित्रावरची वाळू

२००७ च्या डिसेंबरात मी अजिंठ्याला गेले तेव्हा माझ्या पिशवीत साबणाच्या वडीएवढा नवाकोरा डिजिटल कॅमेरा होता. ‘सात मेगापिक्सेल’ हा आकडा गुलमंडीवरच्या दुकानदाराने मला दोनदा ऐकवला होता आणि घरी पोहोचेपर्यंत मी तो चौघांना ऐकवला होता. माझी थोरली बहीण तेव्हा सिल्लोड तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला शिकवत असे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी वर्गात लावायला हवा, म्हणून तिने मला गळ घातली होती. मी फोटो काढला, शहरात येऊन हातभर मोठा छापून घेतला आणि तो घेऊन तिच्या वर्गात गेले.

मुलांनी चित्र बराच वेळ पाहिले. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मॅडम, चित्रावर ही वाळू कशामुळं सांडली?”

खरोखरच चित्रावर वाळू होती. पद्मपाणीच्या गालावर, खांद्यावर आणि मागच्या अंधारात तर फारच, बारीक तांबड्या-निळसर कणांचा शिडकावा झाल्यासारखा दिसत होता. मी तत्काळ उत्तर दिले. अजिंठ्याची भिंत गुळगुळीत नाही. कातळावर आधी मातीचा गिलावा आहे, त्यात वाळू, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, त्यावर पातळ पांढरा थर आणि मग रंग. ते कण त्या गिलाव्याचे. मुलाने मान डोलावली. ताईही खूश झाली.

त्याच रात्री संगणकावर त्या दिवशीचे बाकीचे फोटो पाहताना भाचीचा एक फोटो समोर आला. त्याच लेण्यात, त्याच मंद उजेडात काढलेला. तिच्याही गालावर तीच वाळू होती. भिंतीला गिलावा असतो, सहा वर्षांच्या मुलीच्या गालाला नसतो. वाळू भिंतीची नव्हती, माझ्या कॅमेऱ्याची होती. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या बाईने आठवीच्या वर्गाला यंत्राचा दोष वस्तूचा गुण म्हणून सांगितला होता.

पुढे तीन वर्षांनी मी पहिला एस.एल.आर. कॅमेरा घेतला, त्याचे कारण हे. त्याची हकीकत सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे. दिसते त्यातले भिंतीचे किती आणि टिपणाऱ्याचे किती, हा प्रश्न अजिंठ्यात पावणेदोनशे वर्षे चालत आलेला आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या लष्करातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या त्या नालाकृती वळणावर आला आणि लेणी पुन्हा जगापुढे आली. (दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. सहलीला आलेल्या मुलांना भिंतीवर नावे लिहू नका म्हणून सांगताना हा पुरावा जरा अडचणीचा ठरतो.) १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे परिचयाची आहे. आपल्याला इथे त्याच्या कामाकडे पाहायचे आहे. त्याने वर्षानुवर्षे अंधारात उभे राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ मधल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या.

त्याआधीच, १८५६ च्या सुमारास, गिलच्या हाती कॅमेरा आला होता. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह निघाली. एकात शंभर जोडचित्रे होती, दुसऱ्यात चौऱ्याहत्तर छायाचित्रे. पण ज्या रंगीत भिंतींसाठी तो आला होता, त्यांचे काम या कॅमेऱ्याने होण्यासारखे नव्हते. दर्शनी भाग, खांब, शिल्पे हेच त्याचे खरे क्षेत्र. असे का, हे त्या काळच्या रसायनशास्त्रात शिरल्यावर कळते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या रीतीत काचेवर कोलोडिऑनचा चिकट थर देऊन ती चांदीच्या क्षारात बुडवीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, ओली असतानाच धुऊन काढीत. काच दहा-पंधरा मिनिटांत सुकू लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. उन्हात उभ्या असलेल्या खांबाला काही सेकंद पुरत. पण लेण्याच्या आतल्या भिंतीवर बाहेरच्या उन्हाच्या हजारावा हिस्साही उजेड पोहोचत नाही. तेथे जितका वेळ झाकण उघडे ठेवावे लागले असते, तितका वेळ काच ओली राहणारच नव्हती.

दुसरी अडचण अधिक शिकवणारी आहे. त्या काचेला निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा कळत असे, तांबडा जवळजवळ नाहीच. अजिंठ्याचा रंगपट गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्यासारखे पांढरे, काजळी आणि थोड्या जागी दूरदेशीचा निळा राजावर्त यांचा. त्यातला गेरू काळा उतरणार आणि निळा पांढरा. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. निळ्या जिलेटिन कागदाच्या तीन-चार घड्या डोळ्यांपुढे धरून मुलांना तांबड्या आणि निळ्या खडूने काढलेल्या रेघा पाहायला सांगावे. तांबडी रेघ काळी पडते. म्हणजे कॅमेरा खोटे बोलत नव्हता, त्याला जेवढे दिसत होते तेवढेच सांगत होता. १८७३ मध्ये हेर्मान फोगेलने चांदीच्या क्षारात रंगद्रव्य मिसळून त्याला हिरवा-पिवळाही दिसू लागेल अशी युक्ती काढली. तांबड्यापर्यंत पोहोचणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडले.

मग पुन्हा हातानेच नकला करण्याला इलाज नव्हता. बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचे, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे, जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला काम करीत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. या नकलांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयात आगीत सापडल्या. पुढे जपानमध्ये गेलेल्या नकला १९२३ च्या टोकियो भूकंपात नाहीशा झाल्या. नकलांचे ग्रहमान काही बरे नव्हते, असे म्हणून आपण पुढे जातो. पण मला त्या आगींपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीची जास्त हळहळ वाटते. काळवंडलेल्या भिंतीवरचे रंग नीट दिसावेत म्हणून नकलाकारांनी भिंतीवरच व्हार्निश चढवले. ओले केल्यावर शहाबादी फरशी जशी उजळते, तसे चित्र तेवढ्यापुरते उजळले. मग व्हार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थर हलक्या हाताने उतरवण्यात वर्षे घालवावी लागली. येथे टिपणाऱ्याचा डाग नकलेवर पडला नाही, मूळ वस्तूवरच पडला.

१९१४ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी हाताच्या नकलांऐवजी छायाचित्रांवर आधारलेला ग्रंथ काढायचे ठरवले. ई. एल. व्हॅसी यांनी छायाचित्रे घेतली आणि १९३० ते १९५५ या काळात चार भाग प्रसिद्ध झाले. त्या काळी रंगीत छपाईसाठी एकाच चित्राचे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगगाळणीतून तीन वेगवेगळे ठसे घ्यावे लागत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. आपल्या डिजिटल कॅमेऱ्यातही हेच तत्त्व आहे. फरक इतकाच की तीन गाळण्या एकामागून एक लावण्याऐवजी प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या प्रत्येक सूक्ष्म चौकोनावर एकेक इवलीशी गाळणी कायमची बसवलेली असते. निम्मे चौकोन हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायरची, १९७० च्या दशकातली. याझदानींचे ग्रंथ एखाद्या जुन्या ग्रंथालयात पाहायला मिळाले तर जरूर पाहावेत. भिंतीवरचे जे तुकडे मागाहून झडले, त्यांच्यासाठी आज हेच साक्षीदार.

१९९१ नंतर बिनॉय बहल यांनी फिल्मवर, बाहेरचे झगझगीत दिवे न लावता, लेण्यांतल्या जवळजवळ अंधारात लांबलचक वेळ कॅमेरा उघडा ठेवून चित्रे टिपली. १९९८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा अनेकांना अजिंठ्याचे रंग प्रथमच इतके मोकळे दिसले. उजेड कमी असेल तर वेळ वाढवा, हा त्यामागचा साधा हिशोब. पण फिल्म या हिशोबात थोडी लबाडी करते. प्रकाश फार मंद असला की ती आळसावते आणि दुप्पट वेळ देऊनही दुप्पट परिणाम होत नाही. शिवाय फिल्मवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एक-दोनच कामी येतात.

डिजिटल चिपची बाजू येथे वरचढ ठरते. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सी.सी.डी.ची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ-३ या फिल्म कॅमेऱ्यालाच चिप जोडली. चित्रे साठवण्याची पेटी मात्र वेगळी, खांद्याला अडकवून न्यायची. २००३ मध्ये कॅननने हजार डॉलरच्या आतला डिजिटल एस.एल.आर. आणला आणि हौशी माणसांच्या घरात हे यंत्र शिरू लागले. आमच्या शहरात तो वारा पोहोचायला आणखी दोन-चार वर्षे गेली.

आता वाळूकडे वळू. प्रकाश पाण्याच्या धारेसारखा अखंड येत नाही, कणाकणाने येतो. पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात तेव्हा प्रत्येक फरशीवर सारखेच थेंब पडत नाहीत, तसेच हे आहे. वर्गात असे करून पाहा. मोठ्या कागदावर बोटभर रुंदीचे चौकोन आखा. कागद जमिनीवर ठेवून उंचावरून मूठभर ज्वारी पसरून टाका आणि प्रत्येक चौकोनातले दाणे मोजा. एकात तीन, शेजारी आठ, तिसऱ्यात पाच. कागदावर सगळीकडे सारखीच ज्वारी टाकली होती, तरी आकडे सारखे येत नाहीत. आता चार-चार चौकोनांचा एक मोठा चौकोन धरून मोजा, मग सोळा-सोळांचा. फरक उरतो, पण एकूण दाण्यांच्या मानाने तो लहान होत जातो. नियम सोपा आहे. सरासरीने जितके कण येतात त्याच्या वर्गमुळाइतकी चूक साधारणपणे होते. १०० कण आले तर १० ची चूक, म्हणजे शेकडा १०. १०,००० आले तर १०० ची, म्हणजे शेकडा १.

माझ्या छोट्या कॅमेऱ्याची चिप ६ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच, हरभऱ्याच्या डाळीएवढी होती. त्या डाळीवर सत्तर लाख चौकोन आखले होते. लेण्यातल्या मंद उजेडात प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला समजा १०० प्रकाशकण आले. शेजारच्या चौकोनात ९०, पलीकडे ११२. एकाच रंगाचा सपाट गाल अशा आकड्यांनी भरला की तो खरखरीत दिसतो. हीच ती वाळू. चिपच्या विद्युतमंडलाची स्वतःची थोडी खळबळ तिच्यात भर घालते. दुकानदाराने अभिमानाने सांगितलेला सात मेगापिक्सेलचा आकडा येथे उलट नडतो. जागा तेवढीच ठेवून चौकोन वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे दाणे कमी होतात.

२०१० मध्ये घेतलेल्या एस.एल.आर.ची चिप २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच होती, टपालाच्या साध्या तिकिटाहून जरा लहान. तिच्यावर दहा मेगापिक्सेल होते. दुकानात नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटेल, तिप्पट किंमत मोजून बाईंनी काय मिळवले, तर सातावर तीन! पण एकेका चौकोनाचे क्षेत्रफळ जवळपास नऊपट झाले होते. शिवाय मी ५० मिलिमीटरचे एक साधे, स्वस्त भिंग घेतले. ते बरेच मोठे उघडत असल्याने अडीचपट प्रकाश आत येई. दोन्ही मिळून सुमारे बावीसपट. तेवढ्याच वेळात १०० च्या जागी २,२०० कण येणार, चूक ४७ ची, म्हणजे शेकडा २ हून थोडी जास्त. हा हिशोब मी वहीत आधी केला आणि मगच दुकानाची पायरी चढले. घरात मात्र तो कुणाला पटवता आला नाही.

एस.एल.आर. या नावाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण नाव आरशाचे आहे आणि माझा फायदा आरशामुळे नव्हता. एकाच भिंगातून पाहायचे आणि त्याच भिंगातून टिपायचे, ही त्यातली कल्पना. भिंगामागे ४५ अंशांत तिरपा आरसा असतो. तो प्रतिमा वर फेकतो, तेथे पंचकोनी लोलक ती सरळ करून डोळ्यापर्यंत आणतो, आणि बटण दाबताच आरसा खटकन वर उचलला जाऊन प्रकाशाला मागे वाट देतो. ३५ मिलिमीटर फिल्मचा जर्मन एक्झाक्टा कॅमेरा १९३६ चा, त्यात लोलक नव्हता. लोलकाचा काँटॅक्स एस १९४९ चा. जपानच्या आसाहीने १९५४ मध्ये आरसा आपोआप खाली परत येईल अशी सोय केली. तोवर दर फोटोनंतर डोळ्यासमोर अंधार होत असे. आज आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी ही सारी यंत्रणा मागे टाकली आहे. चिपचा मोठेपणा मात्र त्यांनी सोडलेला नाही.

२०१० च्या डिसेंबरात मी भाचीला घेऊन पुन्हा पहिल्या लेण्यात गेले. रंगीत लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. अनेक शिक्षक मला विचारतात, एका फ्लॅशने रंग खरेच उडतो का? गेरू आणि काजळी इतकी लेचीपेची नाहीत. पण रंगांना धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा आणि दिवसभरात येणारी शेकडो माणसे लक्षात घेता बंदी योग्यच आहे. माझ्या मते, घाम आणि श्वास यांनी वाढणारी आर्द्रता हा भिंतीचा त्याहून मोठा शत्रू आहे. फ्लॅशचा आणखी एक तोटा म्हणजे तो समोरून आदळतो आणि पृष्ठभागाचा उंचसखलपणा मारून टाकतो. तिपाईला वेगळी परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती. तेव्हा कठड्याच्या अलीकडे जमिनीवर बसले, गुडघ्यावर कॅमेरा टेकवला, श्वास रोखला आणि एक पंधरांश सेकंदाचे आठ-दहा फोटो घेतले. त्यातले दोन स्थिर आले. शेवटचा फोटो भाचीचा, त्याच उजेडात. आता ती नऊ वर्षांची होती आणि दर दोन मिनिटांनी “मावशी, झालं का?” विचारत होती.

घरी येऊन आधी तिचा फोटो पाहिला. गाल स्वच्छ होता. मग पद्मपाणी उघडला. खांद्यावरची वाळू गेली होती, मागचा अंधार नितळ झाला होता. पण जेथे रंगाचा थर झडला आहे, तेथे कण दिसत होते. भरड, एकमेकांसारखे नसलेले, एका बाजूला इवलीशी सावली पडलेले. ते मात्र खरोखर गिलाव्याचे होते. माझ्या २००७ च्या उत्तरातला एवढा भाग बरोबर होता, पण तेव्हाच्या माझ्या फोटोत तो दिसूच शकत नव्हता.

भाची आता चोवीस वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिने अजिंठ्याहून मला फोनवर एक फोटो पाठवला. तिच्या फोनमधली चिप माझ्या एस.एल.आर.च्या चिपेपेक्षा पुष्कळच लहान, तरी वाळूचा मागमूस नाही. फोन एका दाबात अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवून बेरीज करतो, म्हणजे ज्वारी पुन्हा पुन्हा टाकून मोजतो. येथपर्यंत मला काही तक्रार नाही. त्यानंतर मात्र तो उरलेली खरखर पुसतो, आणि कुठली खरखर भिंतीची हे त्याला ठाऊक नसते. मी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवून पाहिले. तिच्या फोटोत गिलाव्याचे कण नव्हते, केसाएवढ्या भेगाही कितीतरी कमी होत्या. भेगांचा हिशोब दर काही वर्षांनी ठेवावा लागतो, त्या कामाला हा फोटो उपयोगाचा नाही. “पण छान दिसतोय ना?” तिने विचारले. छान तर दिसतच होता.

२०११ च्या जानेवारीत नवा पद्मपाणी तेवढाच मोठा छापून मी ताईच्या शाळेत नेला होता. जुना अजून भिंतीवर होता. तिने दोन्ही शेजारी शेजारी लावले. मी त्या मुलाची चौकशी केली. “तो होय?” ताई म्हणाली, “तो गेल्या मार्चलाच दहावी होऊन गेला की.”